पाणी सुधारले तरच पैसे: कोकणातील दूषित भूजलाच्या सफाईसाठी कामगिरीवर आधारित करार

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रसायनाने वा इंधनाने बिघडले की आपल्याकडे निविदा निघते ती माती उचलण्याची, बोअर मारण्याची किंवा पाणी उपसण्याची. इतके घनमीटर खोदकाम, इतके मीटर बोअर, इतके महिने पंप अशा बाबी दरसूचीप्रमाणे लिहिल्या जातात, मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि देयके निघतात. मुदत संपते तेव्हा कागदावरची प्रत्येक बाब पूर्ण झालेली असते आणि पाण्याचा अहवाल मात्र पूर्वीसारखाच असतो. कामगिरीवर आधारित करारात देयक निघते ते भूजलात मोजून सिद्ध झालेल्या सुधारणेवर. पंप किती तास चालला हा ठेकेदाराचा प्रश्न राहतो.

असा करार पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या ग्रामपंचायती, नगरपरिषदा, औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटना, पेट्रोल पंपांचे मालक आणि नव्याने रुजू झालेले अभियंते यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. परदेशी नमुना करार कोकणात जसेच्या तसे वापरता येत नाहीत, कारण येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक ठिकाणी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच विहिरीचा मे महिन्यात तळ दिसतो. करारात मोजणीचा हंगाम बांधून घेतला नाही तर पावसाने केलेल्या कामाचे पैसे ठेकेदाराला जातात, किंवा पावसाने बिघडवलेल्या आकड्याची शिक्षा त्याला होते. लेखाचा बराचसा भाग त्यामुळे मोजणीवरच खर्च झाला आहे.

पद्धतीची थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत 1980 च्या सुपरफंड कायद्यानंतर दूषित स्थळांची सफाई मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. सल्लागारांना तास आणि साहित्य यांप्रमाणे पैसे मिळत असल्यामुळे काम लवकर संपवण्यात त्यांचे हित नव्हते. तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1994 मध्ये पाणी उपसून शुद्ध करण्याच्या 77 ठिकाणांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा ठरलेले लक्ष्य गाठलेली ठिकाणे मोजकीच निघाली. पेट्रोलच्या टाक्यांच्या गळतीसाठी काही राज्यांनी त्याच दशकात आधी ठरलेली एकूण किंमत आणि टप्प्याटप्प्याने सिद्ध होणारी घट यांवर पैसे देण्यास सुरुवात केली आणि 2000 नंतर अमेरिकी लष्कराने आपल्या तळांवर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

आपल्याकडे भूजलासाठी ही पद्धत नवी असली तरी तिचे तत्त्व अनोळखी नाही. नमामि गंगे कार्यक्रमातील सांडपाणी प्रकल्पांच्या हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धतीत भांडवली खर्चाचा 40 टक्के भाग बांधकामाच्या काळात आणि उरलेला 60 टक्के भाग 15 वर्षांत, प्रकल्पाच्या कामगिरीशी जोडून दिला जातो. प्रक्रिया केंद्राचे बाहेर पडणारे पाणी एका नळाशी मोजता येते. भूजलाला असा नळ नसतो, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

पहिली पायरी: जबाबदारी आणि गळती या दोन गोष्टी आधी मिटवा

ठेकेदार नेमला म्हणून प्रदूषण करणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, हे करारात स्पष्ट लिहावे. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळे नासल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा’ हे तत्त्व लागू केले. तरी त्या सफाईच्या रकमेच्या वसुलीसाठी 2011 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. केंद्र सरकारने 2025 मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून त्यांत जिल्हा प्रशासन, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जबाबदार व्यक्ती यांच्या भूमिका ठरवल्या आहेत. त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी पत्रव्यवहार निविदेपूर्वीच सुरू करावा. सफाईचे लक्ष्य मंडळाला मान्य नसेल तर ठेकेदाराने ते गाठूनही स्थळ बंद होत नाही, म्हणजे सफाई पूर्ण झाल्याचे मंडळ मान्य करत नाही, आणि मग पैसे द्यायचे की नाही यावर लवाद बसतो.

दुसरी गोष्ट गळतीची. टाकी, नाली किंवा राडारोड्याचा ढीग अजून पाझरत असेल तर हा करार करूच नये. आधी साधा बाबनिहाय करार करून मूळ बंद करावे. वरच्या अंगाला दुसरा कारखाना किंवा गॅरेज असेल, तर त्याच्या बाजूनेही एक निरीक्षण विहीर, म्हणजे फक्त पातळी आणि नमुने घेण्यासाठीचा बोअर, घ्यावी. बाहेरून येणारे प्रदूषण नंतर ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही आणि त्यानेही स्वतःचे अपयश शेजाऱ्यावर ढकलू नये.

दुसरी पायरी: दोन पावसाळे पाहून आधाररेषा ठरवा

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक स्थळ धरू. महामार्गालगत जांभ्याच्या सड्यावर एक पेट्रोल पंप आहे, त्याची जमिनीखालची टाकी काही वर्षे पाझरत राहिली आणि उताराखालच्या वाडीतील तीन विहिरींच्या पाण्याला वास येऊ लागला. टाकी बदलली आहे, वाडीला टँकर सुरू आहे, आणि आता भूजल साफ करायचे आहे.

जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांतून पाणी झपाट्याने खाली उतरते. त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर आणि मग झिजलेला, फटींचा बेसाल्ट लागतो. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते. मे महिन्यात ती पातळी खोल असते, जुलै-ऑगस्टमध्ये ती काही मीटर वर येते आणि तरंगणारे पेट्रोल जांभ्याच्या पोकळ्यांत अडकून पाण्याखाली जाते. परिणामी पावसाळ्यात निरीक्षण विहिरीत पेट्रोलचा थर पातळ दिसतो किंवा दिसतच नाही, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की तो पुन्हा जमतो. ऑगस्टमध्ये थर नाहीसा झाला म्हणून देयक मंजूर करणारा अधिकारी फसतो, तो असा.

पेट्रोलमधून पाण्यात विरघळलेल्या बेंझिन या घटकाचे आणखी वेगळे असते. मुसळधार पावसाने ते पातळ होते, पण पहिल्या पावसात वरच्या मातीत अडकलेला साठा धुपून खाली आल्याने आकडा वाढलेलाही दिसू शकतो. कोणत्या स्थळी यांपैकी काय घडते हे आधी सांगता येत नाही, म्हणून आधाररेषेसाठी, म्हणजे पुढची सुधारणा ज्यांच्याशी ताडायची त्या सफाईपूर्वीच्या आकड्यांसाठी, किमान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे धरावेत. माझ्या मते मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांची मोजणी सक्तीची असावी: मेमध्ये पातळी सर्वांत खाली असते, तर ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबून भूजल भरलेले असते. जून-जुलैचे नमुने समज वाढवण्यासाठी घ्यावेत, देयकासाठी नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जवळपास असतील तर त्यांच्या जुन्या पातळ्या मागवाव्यात. त्यांवरून आपली दोन वर्षे कोरडी होती की ओली, हे कळते.

एवढा वेळ नाही, असे प्रत्येक जण म्हणतो. घाई असेल तर तातडीचे काम, म्हणजे तरंगणारे पेट्रोल काढणे आणि पर्यायी पाणी देणे, स्वतंत्र बाबनिहाय निविदेने करावे आणि त्याच काळात आधाररेषा तयार होऊ द्यावी. अपुऱ्या माहितीवर ठेकेदाराकडून हमी मागितली तर तो भीतीचे पैसे दरात मिळवतो, किंवा अनुभव नसलेला ठेकेदार कमी दर भरतो आणि दुसऱ्या वर्षी काम सोडून जातो.

तिसरी पायरी: लक्ष्य लिहा, आकडा, जागा आणि महिना यांसह

‘पाणी पिण्यायोग्य करणे’ हे लक्ष्य नव्हे. कोणता घटक, किती, कोणत्या विहिरीत, कोणत्या खोलीवर आणि कोणत्या महिन्यात, ही पाच उत्तरे नसतील तर निविदा काढू नये. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 हा पहिला आधार. त्यात उदाहरणार्थ नायट्रेट 45, शिसे 0.01, एकूण क्रोमियम 0.05 आणि पारा 0.001 मिलिग्रॅम प्रतिलिटर अशा मर्यादा आहेत. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य 10 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे आणि अमेरिकेची मर्यादा 5 आहे. पंपाच्या आवारातील निरीक्षण विहिरींना वाडीच्या विहिरींइतके कडक लक्ष्य लावणे आवश्यक असतेच असे नाही. आवारात सैल आणि हद्दीवर व वाडीत कडक असे दुहेरी लक्ष्य मंडळाने मान्य केले तर खर्च पुष्कळ वाचतो. मात्र वाडीतील लोकांना ते आधी समजावून सांगावे, कारण विहीर त्यांची आहे.

किनाऱ्याजवळ आणखी एक अट हवी. गोडे भूजल खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. त्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर समुद्रसपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असा स्थूल नियम आहे. बेसुमार उपशाने पातळी अर्धा मीटर जरी कायम उतरली तरी खारे पाणी सुमारे 20 मीटर वर येऊ शकते. बेंझिन कमी झाले पण विहीर खारी झाली, असे काम कोणाच्याच उपयोगाचे नाही. म्हणून खाडी किंवा समुद्रालगतच्या स्थळी क्लोराइडची वरची मर्यादा करारात लिहावी आणि ती ओलांडली तर उपसा थांबवण्याची अट घालावी. मानकाप्रमाणे क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा 250 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. परंतु खाजणालगतच्या विहिरीत ती आधीच ओलांडलेली असू शकते, तेव्हा आधाररेषेच्या आकड्यावरूनच अट ठरवावी. भरती-ओहोटीने पातळी हलत असेल तर नमुना भरतीच्या कोणत्या अवस्थेत घ्यायचा हेही लिहावे.

चौथी पायरी: पैशांचे टप्पे

काल्पनिक पंपाच्या सफाईची ठरलेली किंमत एक कोटी रुपये धरू. यंत्रणा उभारून ती ठरलेल्या क्षमतेने चालू झाल्यावर 20 लाख द्यावेत. एवढी रक्कम आधी दिली नाही तर भांडवलाअभावी लहान पण जाणकार ठेकेदार निविदेच्या बाहेर राहतात. ठरलेल्या निरीक्षण विहिरींतील बेंझिनची सरासरी, त्याच महिन्याच्या आधाररेषेच्या तुलनेत, निम्म्यावर आली की 15 लाख आणि तीन-चतुर्थांश घटली की आणखी 15 लाख द्यावेत. प्रत्येक विहिरीत लक्ष्य गाठले गेले की 20 लाख, आणि यंत्रणा बंद केल्यानंतर सलग दोन मे व दोन ऑक्टोबर आकडे लक्ष्याखाली टिकले की शेवटचे 30 लाख. मधल्या टप्प्यांसाठी सरासरी चालते. अंतिम टप्प्यासाठी सरासरी कधीही मान्य करू नये, कारण तीनपैकी दोन विहिरी स्वच्छ करून तिसरी तशीच सोडण्याची सोय ती करून देते.

शेवटचा हप्ता एवढा मोठा का, असा आक्षेप ठेकेदार घेतात. उत्तर जमिनीत आहे. वर्षानुवर्षे पाझरलेले रसायन जांभ्याच्या बारीक पोकळ्यांत आणि खालच्या चिकणमातीत मुरते. मोठ्या पोकळ्यांतले पाणी स्वच्छ झाले आणि पंप थांबला की ते हळूहळू परत बाहेर येते आणि आकडा चढतो. ही उसळी पहिल्या सहा महिन्यांत दिसतेच असे नाही. टिकाव पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देणे म्हणजे मुरलेले प्रदूषण स्वतःच्या खर्चाने परत घेणे होय.

ठेकेदाराला दीर्घ काळ पैशांची वाट पाहावी लागते, म्हणून मालकाच्या बाजूनेही हमी हवी. ग्रामपंचायतीच्या किंवा संघटनेच्या पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर कोणी विश्वास ठेवत नाही. पूर्ण रक्कम वेगळ्या खात्यात आधीच ठेवावी आणि मोजणीचा अहवाल आल्यापासून ठरावीक दिवसांत देयक अदा करण्याची अट घालावी. ठेकेदाराकडून कामगिरीची बँक हमी घ्यावी, पण अनामत, बँक हमी आणि राखून ठेवलेली रक्कम अशी तिहेरी पकड ठेवू नये. तिचा खर्च शेवटी दरातच येतो.

पाचवी पायरी: मोजणारा वेगळा ठेवा

ज्याला पैसे मिळणार त्याने देयकाचा नमुना घेऊ नये. नमुना घेणारी आणि तपासणारी प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असावी, तिचे शुल्क मालकाने थेट द्यावे आणि नमुना घेताना दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी हजर असावेत. वाडीतील एका जाणत्या माणसाची सही नोंदवहीत घ्यावी असे मी सुचवेन. कायद्याला ती लागत नसली तरी पुढचे बरेच संशय त्याने मिटतात.

निरीक्षण विहिरीतले साचलेले पाणी आधी काढून टाकावे; तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू स्थिर झाल्यावरच नमुना भरावा. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्याची बाटली हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरावी लागते आणि बर्फात ठेवून ठरलेल्या मुदतीत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. धातूंसाठी नायट्रिक आम्लाने नमुना टिकवावा लागतो. नमुन्याच्या प्रत्येक हस्तांतराची वेळ आणि सही कागदावर असावी. प्रत्येक फेरीत एक जोडनमुना (त्याच विहिरीचा दुसरा नमुना) आणि शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना, कोणता कोणता हे प्रयोगशाळेला न सांगता पाठवावा. पावसाळ्यात घाट बंद होतात आणि गाड्या अडकतात, तेव्हा नमुना वाया गेला तर तो पुन्हा कोणाच्या खर्चाने घ्यायचा हेही आधीच ठरवावे.

आकडा कृत्रिमरीत्या खाली आणण्याचे मार्गही ओळखून ठेवावेत. निरीक्षण विहिरीजवळ स्वच्छ पाणी किंवा रसायन सोडले, अथवा नमुन्याच्या आदल्या दिवसापर्यंत तेथूनच उपसा केला, तर विहीर स्वच्छ दिसते आणि जमीन दूषितच राहते. देयकाच्या नमुन्यापूर्वी किमान 30 दिवस यंत्रणा बंद असावी आणि देयकाच्या विहिरींतून काहीही जमिनीत सोडू नये. पावसाने पाणी पातळ झाले का, हे विद्युतवाहकतेवरून ताडता येते: बेंझिन आणि वाहकता एकाच प्रमाणात घटली असेल तर श्रेय बहुधा पावसाचे. खाडीजवळ मात्र खाऱ्या पाण्यामुळे ही खूण फसवते, तेथे तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

सहावी पायरी: अज्ञात गोष्टींचे वाटप

जमिनीखाली काय निघेल हे कोणालाच पूर्ण ठाऊक नसते. आधाररेषेच्या अहवालात दाखवलेल्या मर्यादेतील सर्व जोखीम ठेकेदाराची, आणि त्या मर्यादेबाहेर, उदाहरणार्थ नोंद नसलेली दुसरी जुनी टाकी किंवा यादीत नसलेले रसायन सापडले, तर ती मालकाची, असा साधा नियम चालतो. अशा वेळी जास्तीच्या कामाचा दर काढण्याची पद्धत करारातच असावी.

नैसर्गिक आपत्तीचे कलम परदेशी नमुन्यातून उचलू नये. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, जून 2020 मध्ये निसर्ग आणि मे 2021 मध्ये तौक्ते ही चक्रीवादळे किनाऱ्याला झोडपून गेली. अशा प्रदेशात मोठा पाऊस आणि वीज खंडित होणे या गृहीत धरायच्या गोष्टी आहेत. नदीच्या ज्ञात पूररेषेखाली यंत्रणा बसवली आणि ती बुडाली, तर तो खर्च ठेकेदाराचाच. पूररेषेपलीकडचा पूर आला तर मुदत वाढवून द्यावी, रक्कम नव्हे, आणि पुरानंतर आधाररेषा पुन्हा तपासावी.

फटींच्या बेसाल्टात पाण्याहून जड, क्लोरिनयुक्त द्रावक खोल उतरलेले असतील, तर पिण्याच्या मानकापर्यंत सफाईची हमी मागू नये आणि कोणी दिली तर ती घेऊ नये. तेथे प्रदूषणाचा पट्टा हद्दीबाहेर जाऊ न देणे, एवढेच कामगिरीचे लक्ष्य ठेवावे आणि वार्षिक शुल्कावर करार करावा.

सातवी पायरी: निविदा आणि परवानग्या

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ओळखीच्या ब-1 आणि ब-2 नमुन्यांत, म्हणजे टक्केवारीच्या किंवा बाबनिहाय दराच्या निविदेत, हे काम बसत नाही. एकरकमी किमतीचा नमुना घेऊन त्यात टप्पे घालावे लागतात. निवड केवळ कमी दरावर करू नये. तांत्रिक गुणांना पुरेसे वजन द्यावे. पद्धत ठेकेदारावर सोपवावी, मग तो हवा फुंको, सूक्ष्मजीवांना खाद्य देवो की ऑक्सिडीकारक रसायन सोडो. निविदेत पद्धतही लिहिली आणि निकालाची हमीही मागितली, तर अपयश आल्यावर तो तुमच्याच पद्धतीकडे बोट दाखवतो. परवानग्या मात्र दोघांनी वाटून घ्याव्यात: जमिनीत रसायन सोडणे, उपसलेले पाणी पऱ्यात किंवा सामायिक प्रक्रिया केंद्रात सोडणे आणि घातक कचरा हलवणे यांसाठी मंडळाची मान्यता लागते, आणि खासगी विहिरींत नमुने घेण्यासाठी मालकांची लेखी संमती लागते. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती घ्यावी, त्यांतले काही मुंबईत असले तरीही.

आठवी पायरी: काम चालू असताना आणि संपताना

ठेकेदाराच्या रोजच्या कामात ढवळाढवळ करू नये, कारण प्रत्येक सूचना उद्या त्याची सबब होते. तिमाही अहवाल, पातळ्यांचे आलेख आणि दर मे व ऑक्टोबरनंतर संयुक्त बैठक एवढे पुरते. लक्ष्य वेळेआधी गाठले तर प्रोत्साहन रक्कम देण्यास हरकत नाही, पण ती टिकावाचा काळ संपल्यावरच द्यावी. मुदत संपूनही लक्ष्य दूर असेल तर दोन पर्याय आधीच लिहिलेले असावेत: ठेकेदाराने स्वखर्चाने पुढे चालवणे, किंवा उरलेल्या हप्त्यांवर पाणी सोडून यंत्रणा मालकाच्या ताब्यात देऊन बाहेर पडणे.

स्थळ बंद करण्याचे मंडळाचे पत्र मिळाल्यावर निरीक्षण विहिरी उघड्या सोडू नयेत. उघडा बोअर पावसाळ्यात वरचे सगळे सांडपाणी थेट भूजलात नेतो. वाडीच्या मागणीनुसार एखादी पातळी मोजण्यासाठी ठेवून बाकीच्या तळापासून सिमेंट-बेंटोनाइटच्या मिश्रणाने भराव्यात. प्रत्येकीचे स्थान व खोली नकाशावर नोंदवून तो नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावा आणि त्याची पोच अंतिम देयकाला जोडावी.